उदबत्तीतला ऊद

मागच्या जुम्याला पापडीत नमाज सुटली, तेव्हा भाच्याने पिशवीतून एक काचेची बाटली काढली. "मामू, हे लावून बघा. इटलीचं आहे. स्पायसी, वुडी." बाटलीवर ‘एत्रो’ कंपनीचं नाव आणि खाली ‘शाल नूर’. मनगटावर घेतलं. मसाल्याची झाक, मागून धूप आणि वाळा. मी म्हटलं, "अरे, हा तर आपल्या उर्साचा वास!" तो हसला. मग म्हणाला, "हे लावून ऑफिसला गेलो तर लोक ब्रँड विचारतात. अत्तर लावून गेलो तर विचारतात, आज जुमा आहे का?"

ते वाक्य डोक्यातून जाईना. वासाला धर्म कधी चिकटला?

आधी बाटलीचं बघू. एत्रो हे मूळचं अत्तराचं घराणं नाही. 1968 साली जिम्मो एत्रो यांनी मिलान शहरात कापडाचा धंदा सुरू केला. त्यांची ओळख बनली ती कोयरीच्या नक्षीने. इंग्रजीत तिला पेस्ली म्हणतात. पेस्ली हे स्कॉटलंडमधलं गाव. तिथल्या मागांवर काश्मिरी शालींची नक्कल होत असे, म्हणून नक्षीला गावाचं नाव लागलं. 1989 पासून एत्रोने सुगंधही विकायला काढले. ‘शाल नूर’ या नावात शाल फारसी आहे, नूर अरबी.

शाल आणि सुगंधाचं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जात, तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांत पॅचौलीची पानं घालत. आपण गजऱ्यात मरव्याबरोबर जी पाच गुंफतो, तिच्याच कुळातली ही वनस्पती. पुढे तिकडचे गिऱ्हाईक त्या वासावरून शाल खरी की नकली ते ओळखू लागले.

एत्रोचं आणखी एक अत्तर आहे, ‘सांदालो’. इटालियनमध्ये सांदालो म्हणजे चंदन. संस्कृत चंदन फारसी-अरबीत संदल झालं आणि ग्रीक-लॅटिनच्या वाटेने सांदालो होऊन इटलीत पोचलं. आपल्याकडे उर्सात संदल निघतो, तो हाच शब्द. माहीमच्या मखदूम बाबांचा संदल बघायला सगळ्या धर्मांचे लोक उभे असतात.

आता आपल्या घरातले शब्द घ्या. अत्तर हे अरबी ‘इत्र’. वारकऱ्याच्या कपाळावरचा अबीर हे अरबी ‘अबीर’, म्हणजे सुगंधी द्रव्यांचं मिश्रण. जवादी मांजरातली जवादी म्हणजे अरबी ‘जबाद’. आणि देवापुढे लावतो त्या उदबत्तीतला उद हे अरबी ‘ऊद’. ऊद म्हणजे लाकूड, त्यातही सुगंधी लाकूड, अगरू. गंमत पुढे आहे. अरब व्यापारी याच लाकडाच्या एका प्रकाराला ‘ऊद हिंदी’ म्हणत, म्हणजे हिंदुस्थानचं लाकूड. आपण ज्याला अरबी वास म्हणतो, त्याला अरबांनी आपलं नाव दिलं होतं.

ही देवघेव आमच्या दारातून झाली. पापडीहून सोपारा हाकेच्या अंतरावर. अरब भूगोलकार त्याला सुबारा म्हणत. इ.स. 916 च्या सुमारास अल-मसूदी चौलला आला, तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहिलं आहे. राज्य राष्ट्रकूटांचं होतं. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मुंबईही वसईच्या अखत्यारीत गेली. ती मुंबई पुढे ज्याला खंडाने मिळाली, त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात चंदन आणि अगरूवर वेगळी प्रकरणं लिहिली. त्यात अरबी नावं आहेत आणि इथली देशी नावंही.

लेखी परंपराही दोन्हीकडची आहे. विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी निजामुद्दीन महमूद याने ‘इत्र-ए-नौरसशाही’ हा सुगंधांवरचा फारसी ग्रंथ लिहिला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधवाद’ हा सुगंध बनवण्याचा संस्कृत ग्रंथ उजेडात आणला. त्याच्यावर चक्क मराठी टीका आहे. गोडे यांनी तिचा काळ 1350 ते 1550 च्या दरम्यान धरला. म्हणजे अत्तर कसं बनवायचं हे मराठीत निदान साडेचारशे वर्षांपासून लिहिलेलं आहे.

ऑफिसातल्या त्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. पण ते आपल्यालाही लागू पडतं. जुम्याला गुस्ल करून सुगंध लावणं सुन्नत आहे, म्हणून अत्तर फक्त आपलं, असं मानणारे आपल्यातही आहेत. पलीकडचा म्हणतो "हे तुमचं", आपण म्हणतो "हे आमचंच". दोघांची चूक एकच. वसईची फुलं पिकवणारे हात ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत. दादरच्या बाजारात गेलेला मोगरा देव्हाऱ्यात जातो, मजारीवर जातो, कबरीवरही पडतो.

भाच्याला मी बाटली परत दिली आणि माझ्याकडच्या कुपीतला एक फाया दिला. म्हटलं, "उद्या हा कानात ठेवून जा. कोणी विचारलं, जुमा आहे का, तर एवढंच विचार, तुमच्या घरी सकाळी उदबत्ती लावली का?"