दादा कोंडके यांचे चित्रपट आणि समीक्षकांची अडचण

कृष्णा ऊर्फ दादा कोंडके (१९३२–१९९८) यांच्या विनोदी चित्रपटांवर मराठी समीक्षेने अश्लीलतेचा शिक्का मारला, त्याचे कारण चित्रपटांत जितके आहे तितकेच तमाशाच्या शुद्धीकरणाच्या इतिहासातही आहे. तमाशात गण, म्हणजे गणेशस्तवन, आणि गौळण, म्हणजे कृष्ण व गवळणींची थट्टामस्करी, झाल्यावर बतावणी, म्हणजे आयत्या वेळी सुचणाऱ्या कोट्यांची संवादफेक, रंगत असे आणि मग वगाची, म्हणजे मुख्य नाट्याची, कथा सुरू होई. स्वातंत्र्योत्तर काळात या प्रकाराला सरकारी तपासणीची चाळणी लागली आणि त्याचेच निवळलेले रूप ‘लोकनाट्य’ या नावाने शहरी नाट्यगृहात आले. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातील कोंडके यांचा हवालदार याच रूपातला असल्याने मध्यमवर्गाने त्याला मनमुराद दाद दिली.

१९७१ साली सबनिसांच्याच लेखणीतून उतरलेला ‘सोंगाड्या’ पडद्यावर आला. आईच्या धाकातला भाबडा नाम्या तमाशातल्या कलावतीच्या नादी लागतो, एवढीच त्याची कथा. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहातून तो हटवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि परिणामी पुढे कोंडके यांच्याविषयीच्या मतात मराठी अस्मितेचे राजकारणही मिसळले. एकामागून एक नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव, म्हणजे पंचवीस आठवड्यांचा मुक्काम, गाठल्यामुळे समीक्षकांची पंचाईत आणखी वाढली.

ढगळ अर्धी चड्डी आणि तिची लोंबती नाडी हा कोंडके यांचा ठरलेला वेश होता. ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८) यासारखे शीर्षक भिंतीवरच्या जाहिरातीत वाचले तर तक्रारीला जागा नसे, कारण दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उमटे आणि सोंगाड्याच्या, म्हणजे तमाशातल्या विदूषकाच्या, चेहऱ्यावर मात्र बावळट निरागसपणा कायम राही. कात्री चालवायची कुठे, हा सेन्सॉर मंडळापुढचा पेच यातूनच निर्माण झाला.

अश्लीलतेच्या या वादात मूळ दोष मात्र दुर्लक्षित राहिला असे म्हणावे लागते. बतावणीतली कोटी समोरच्या श्रोत्यांच्या प्रतिसादाप्रमाणे रात्रीगणिक बदलत असे, उलट चित्रफितीवर ती गोठली आणि तिच्याबरोबर खेडवळ भोळसट, कजाग बाई व चेष्टेपुरती उरलेली तरुणी हे साचेही पक्के झाले. पुढे अभ्यासकांनी सोंगाड्याची परंपरा दाखवून कोंडके यांची बाजू मांडली, आणि ती बऱ्याच अंशी रास्त आहे. परंतु परंपरेच्या नावाखाली या साच्यांनाही अभय मिळाले. ‘तेरे मेरे बीच में’ (१९८४) या हिंदी चित्रपटात तर बतावणीची सवय नसलेल्या प्रेक्षकापुढे परंपरेचा आधार गळून पडला आणि शिल्लक राहिला तो निव्वळ द्वयर्थ.