ऊर्जेचे कारभारी

पिंपरीच्या माळावर १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा ‘ऊर्जा व्यवस्थापक’ हा हुद्दा कोणाच्या कानावरून गेलेला नव्हता. त्या हुद्द्याचे कर्तव्य मात्र पहिल्या दिवसापासून तेथे होते. पेनिसिलिनची बुरशी ज्या प्रचंड टाक्यांतून वाढवावयाची, त्यांत निर्जंतुक हवा अहोरात्र सोडावी लागते, द्रव अखंड ढवळावा लागतो आणि तापमान ठरल्या अंशांपलीकडे जाऊ द्यावयाचे नसते. वीज थोडा काळ खंडित झाली तरी कित्येक दिवसांचे श्रम नासण्याची धास्ती. ही धास्ती ज्यांच्या शिरावर असे, ते परवानाधारक बॉयलर अटेंडंट आणि वीजतंत्री हेच या भूमीतील ऊर्जेचे आद्य कारभारी होत. तासातासाला मीटरचे आकडे टिपणारी त्यांची लॉगबुके हे त्या कारभाराचे पहिले दप्तर.

पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्यात ऊर्जा व्यवस्थापनाचा हा व्यवसाय कायद्याच्या आधी टंचाईने घडविला, असे माझे ठाम मत आहे. १९६० च्या जूनमध्ये राज्य वीज मंडळ आणि १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आकुर्डीस बजाज, पिंपरीस टेल्को आणि भोसरीस शेकडो लहान कारखाने आले. कोयनेची वीजही त्याच सुमारास मिळू लागली. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेस भूकंप झाला, वीजनिर्मिती बंद पडली, आणि एका दूरच्या धरणावर आपले यंत्र किती अवलंबून आहे, हे राज्यातील कारखानदारीस कळून चुकले. पुढे मागणी पुरवठ्याहून सतत अधिक राहू लागल्यावर सर्व कारखान्यांचा भार एकाच दिवशी येऊ नये म्हणून विभागवार साप्ताहिक सुट्ट्या वाटून देण्याची तजवीज झाली. पिंपरी-चिंचवडच्या कामगारवस्तीत बाजारहाट, लग्नाची बोलणी, गावाकडच्या फेऱ्या गुरुवारी का होतात, याचे मूळ या वाटणीत आहे.

आणि याच गुरुवारी अनेक तरुणांनी या व्यवसायाचा श्रीगणेशा केला. एरवी यंत्रांच्या घरघरीत ऐकू न येणारी दाबयुक्त हवेची गळती सुट्टीच्या दिवशी स्पष्ट फुसफुसते. कॉम्प्रेसर चालू ठेवून, हाती साबणाचे पाणी व ब्रश घेऊन, नळाच्या प्रत्येक सांध्याशी थांबावयाचे. बुडबुडे आले की खडूने खूण करून वहीत नोंद करावयाची. सुमारे सहा बार दाबावर तीन मिलिमीटरच्या एका छिद्रातून जवळजवळ तीन किलोवॅट शक्ती वाया जाते. कॉम्प्रेसर अहोरात्र चालत असेल तर वर्षअखेरीस ही बेरीज पंचवीस हजार युनिटांच्या घरात पोहोचते. हे काम पदवीच्या कागदावर शिकता येत नाही, आणि म्हणूनच आयटीआय वा पदविका घेऊन आलेली मुले त्यात पुष्कळदा सरस ठरतात.

१९७३ च्या तेलसंकटाने बॉयलरचे इंधनही महाग केले. १९७८ मध्ये पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर राज्याची महाऊर्जा या ऊर्जाबचतीच्या संस्था अस्तित्वात आल्या. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ चा. त्याचा अंमल १ मार्च २००२ पासून सुरू झाला आणि त्याच दिवशी ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. २००४ पासून राष्ट्रीय परीक्षा होऊ लागल्या: व्यवस्थापकास तीन प्रश्नपत्रिका, लेखापरीक्षकास चार. सिमेंट, पोलाद, खत यांसारख्या उद्योगांतील मोठ्या ग्राहकांना प्रमाणित व्यवस्थापक नेमणे बंधनकारक झाले. मोटारगाड्यांचे कारखाने त्या प्रारंभीच्या यादीत नव्हते. तरीही येथे हे पद रुजले, कारण विजेच्या बिलाची सक्ती कायद्याहून कमी नव्हती.

त्या दशकातील भारनियमनाने तर या कारभाऱ्यांना कारखान्याच्या कुंपणाबाहेर आणले. २००६ साली भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने आणि राज्य वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने पुणे परिसरातील उद्योगांनी टंचाईच्या तासांत स्वतःची जनित्रे चालवून जाळ्यावरचा भार हलका केला, आणि डिझेलचा वाढीव खर्च ग्राहकांवरील अधिभारातून भागविण्यात आला. लहान घरगुती ग्राहकांना त्यातून वगळले होते. कोणते जनित्र किती वाजता चालू करावयाचे आणि कोणती भट्टी तासभर थांबवावयाची, हे ठरविणाऱ्या माणसांच्या हिशेबावर सबंध शहराचे दिवे तेव्हा अवलंबून होते. या कामगिरीची व्हावी तेवढी वाखाणणी झाली नाही, याची मला खंत वाटते.

संग्रामदुर्गाच्या आणि कांद्याबटाट्याच्या बाजाराच्या चाकणला १९९९ मध्ये बजाजचा, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना आला, आणि पाठोपाठ महिंद्रही. आज तेथे नव्याने रुजू होणाऱ्यास संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक फीडरचा भार दिसतो. तरी रोहित्राशेजारच्या कपॅसिटरपाशी त्याने स्वतः जाऊन उभे राहावे, असे मला वाटते. एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल नुसत्या युनिटांऐवजी केव्हीएएच, म्हणजे आभासी ऊर्जा, मोजून होते, आणि रात्रपाळीअखेर यंत्रे थांबल्यावरही कपॅसिटर जोडलेलेच राहिले तर पॉवर फॅक्टर उलट बाजूस झुकून तेही बिलात चढते. ते वेळेवर तुटतात की नाहीत, हे पाहणे ही त्याची पहिली जबाबदारी.