द्राक्षातलं तांबं

विदर्भातल्या सावली तालुक्याचा मुलूख धानाचा. द्राक्षं इथं नाशिक-सांगलीकडून पेट्यांतून येतात. मण्यांवरचा पांढुरका थर पाहून गिऱ्हाईक विचारतं, हे औषध तर नाही? तो थर बहुधा द्राक्षाच्या स्वतःच्या मेणाचा असतो. तरी प्रश्न रास्तच आहे, आणि तो फ्रान्समध्ये फार पूर्वीच पडला होता.

१८७८च्या सुमारास केवडा रोग अमेरिकेतून फ्रान्सच्या मळ्यांत शिरला. बोर्दोजवळच्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना शिंपडत. वाटसरूंनी द्राक्षं खुडू नयेत, एवढ्यासाठीच. १८८२मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांना दिसलं, की नेमक्या त्याच वेली हिरव्या राहिल्या आहेत. १८८५मध्ये त्यांनी हे मिश्रण जाहीर केलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण. विदर्भात संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या रोगावर लावतात ती बोर्डो पेस्ट याच कुळातली.

मला मिलार्दे मोठे वाटतात ते पुढच्या कामामुळे. औषध सापडलं म्हणून ते थांबले नाहीत. पाश्चर यांच्या हाताखाली तयार झालेले रसायनशास्त्रज्ञ गायों यांच्यासह त्यांनी त्याच वर्षी पानांत, द्राक्षांत आणि वाइनमध्ये तांबं किती उतरतं, हे तपासलं. वाइनमध्ये ते अगदी नगण्य निघालं. रस आंबताना बरंचसं तांबं गंधकाशी जुळून यीस्टबरोबर गाळात बसतं.

तांबं ओळखायची एक रीत आपल्या शेतकऱ्याच्याही हाती आहे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मिश्रण झालं की त्यात लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला, तर तांबं अजून मोकळं आहे. चुन्याची निवळी आणखी घालायची. न घातल्यास पानं करपतात.

विळा ‘आहे’ की ‘नाही’ सांगतो, किती ते सांगत नाही. ते सांगणारी सोपी रीत ऑस्ट्रेलियातल्या अॅलन वॉल्श यांनी १९५५मध्ये मांडली. नमुना ज्योतीत फवारायचा आणि पलीकडून तांब्याच्याच दिव्याचा उजेड सोडायचा. ज्योतीतले तांब्याचे अणू ३२४.७ नॅनोमीटरचा प्रकाश गिळतात. जितका गिळला, तितकं तांबं. दिवा बदलला की जस्त, लोह, शिसंही मोजता येतं. वाइनमधल्या तांब्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा लिटरला एक मिलिग्रॅम आहे; हे यंत्र त्याहून कितीतरी कमी तांबंही पकडतं.