नाव झाकून पाठविलेली कथा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा दाखल झाली. लेखकाच्या जागी नाव होते नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी तिला पहिले बक्षीस दिले. पुढे उलगडा झाला तो असा, की असे कोणी जगताप नव्हतेच. कथा लिहिली होती टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांनी. ज. वि. ना. ही आपली आद्याक्षरे त्यांनी उलट क्रमाने घेतली आणि ना. वि. ज. वरून हे नाव बनविले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताई यांनी आपल्या हाताने लिहून काढली होती.

एवढा खटाटोप कशासाठी? नारळीकरांचे नाव त्या वेळी घरोघरी पोचलेले होते. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, १९६५ साली, त्यांना पद्मभूषण मिळाले होते. अशा नावाची कथा समोर आल्यावर तिच्या गुणाला किती गुण दिले आणि नावाला किती, हे परीक्षकालाही सांगता आले नसते. प्रयोगशाळेत आपण एक घटक बाजूला काढतो आणि दुसऱ्याचा परिणाम पाहतो. नारळीकरांनी येथे नेमके तेच केले. स्वतःचे नाव बाजूला काढून त्यांनी कथेची परीक्षा घेतली. त्यांच्या पुढच्या सर्व कथालेखनाची किल्ली या एका कृतीत आहे, असे आम्हांस वाटते.

गुरूचा काळा ढग

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरला झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असल्याने त्यांचे शिक्षण वाराणसीत झाले. १९५७ साली पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांना गुरू लाभले फ्रेड हॉईल. हॉईल हे मोठे खगोलशास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय ते कादंबरीकारही होते. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ सालीच प्रसिद्ध झाली होती.

वायूचा एक प्रचंड ढग सूर्यमालेकडे येत आहे, एवढेच काल्पनिक गृहीत हॉईल यांनी घेतले. पुढचे सारे त्यांची पात्रे फळ्यावर गणित मांडून ठरवितात. त्यातली एक युक्ती वर्गातही करता येते. समजा, ढगाचा दिसणारा आकार एका महिन्यात शेकडा पाचने वाढला. ढग स्वतः फुगत नाही आणि त्याचा वेग कायम आहे, असे मानू. मग त्याचे अंतर महिन्यात सुमारे विसाव्या भागाने घटले, म्हणजे तो येथे पोचायला साधारण वीस महिने लागतील. ढग किती दूर आहे आणि किती मोठा आहे, यांपैकी काहीही ठाऊक नसताना हे उत्तर मिळते. आठवी-नववीच्या मुलांना हे सांगून पाहावे. मुलांना प्रथम ते पटत नाही, आणि तेथूनच शिकणे सुरू होते.

मराठीतील वाट

१९७२ साली नारळीकर मुंबईस परतले. मराठीत तोवर पाटी कोरी होती असे नव्हे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मुलांसाठी मराठीत आणला होता आणि नारायण धारप अद्भुत व वैज्ञानिक कल्पनांवर कादंबऱ्या लिहीत होते. तरी प्रतिष्ठित साहित्याच्या पंगतीत या प्रकाराला पाट मिळालेला नव्हता. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी विज्ञानकथेची दखल घेतली आणि हे चित्र पालटू लागले. नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्याही आल्या. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे यांच्या लेखनाने ही वाट रुळली.

नारळीकरांच्या कथांची रीत गुरूचीच आहे. एकच गोष्ट बदलावयाची आणि बाकीचे नियम जागच्या जागी ठेवावयाचे. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत माणसाची डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी उलटते. ही कल्पना एच. जी. वेल्स यांनी १८९६ सालच्या एका कथेत वापरली होती, आणि तीत उलटा होऊन परत येणारा माणूस शाळामास्तर होता! नारळीकरांनी तिला क्रिकेटचे मैदान आणि गणपतीची मूर्ती दिली. मागचे विज्ञान समजण्यास पुठ्ठा पुरतो. पुठ्ठ्यातून ‘ग’ हे अक्षर कापा आणि बाकावर ठेवून हवे तसे फिरवा. सरकवून वा फिरवून त्याचा आरशातला ‘ग’ कधीच होत नाही. त्यासाठी ते उचलून पालथे करावे लागते, म्हणजे तिसरी मिती वापरावी लागते. मग उजव्या हाताचा मोजा न उलगडता डाव्या हाताचा करायचा, तर किती मिती हव्यात? हा प्रश्न मुलांवर सोपवावा.

उदगीर ते पानिपत

आम्हां लातूर जिल्ह्यातील शिक्षकांना त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा विशेष जवळची वाटते. शिरूर अनंतपाळहून उदगीर काही फार लांब नाही. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला तो उदगीरला. त्या विजयानंतर परतूर येथे उत्तरेची मोहीम भाऊंकडे सोपविण्यात आली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाईचे पारडे फिरले.

कथेतील इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर वेगळ्याच मुंबईत वावरू लागतात. त्या जगात गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली आहे, मराठे जिंकले आहेत, आणि इंग्रज काही ठाण्यांपुरते उरले आहेत. आपल्या जगात परतल्यावर पंतांच्या हाती त्या जगातील ग्रंथाचे फाटके पान असते. त्यांचा शास्त्रज्ञ मित्र क्वांटम सिद्धांताच्या आधारे खुलासा करतो. इलेक्ट्रॉन नेमका कोठे सापडेल हे निश्चित सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात. मग प्रत्येक शक्यतेचे एकेक जग का नसावे?

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ही कथा संक्षिप्त रूपात घेतली गेली. ती शिकविताना एक पथ्य पाळावे. समांतर जगे सिद्ध झालेली नाहीत. तो क्वांटम सिद्धांताचा एक अर्थ आहे, आणि त्यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. गोळी लागली हा इतिहास, गोळी हुकली ही कथा आणि इलेक्ट्रॉनची अनिश्चितता हे विज्ञान, असे तीन रकाने फळ्यावर आखावेत आणि कथेतील प्रत्येक वाक्य कोणत्या रकान्यात जाते ते मुलांना ठरवू द्यावे.

खरे की खोटे?

काही शिक्षकांना भीती वाटते, की कल्पित कथांनी मुले भाकडकथांवरही विश्वास ठेवू लागतील. नारळीकरांचेच उदाहरण याला उत्तर आहे. २००८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार व मतिमंद मुलांच्या प्रत्येकी शंभर पत्रिका जमविण्यात आल्या. सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातील ते ओळखावयास सांगितले. सरासरी शेकडा ४६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडविले असते तरी पन्नासच्या आसपास आली असती. पत्रिका कोणाची हे येथेही झाकलेलेच होते.

स्वतःच्या सिद्धांतांनाही त्यांनी सवलत मागितली नाही. महास्फोटाच्या कल्पनेविरुद्ध हॉईल व ते अखेरपर्यंत उभे राहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञांना त्यांचे म्हणणे पटले नाही, आणि १९६५ साली सापडलेले सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण त्यांच्या विरुद्ध जाणारा मोठा पुरावा ठरला. तरी त्यांनी वाद घातला तो निरीक्षणे आणि गणित घेऊनच.

२०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. एका विज्ञानकथाकाराचा तो मान होता. पुढचे संमेलन २०२२ साली आमच्या उदगीरला भरले. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले.

त्यांची आठवण वर्गात ठेवायची असेल तर विज्ञान दिनी मुलांकडून एकेक विज्ञानकथा लिहून घ्यावी. अट एकच, गृहीत एकच बदलावयाचे. आणि तपासताना नावाचा कोपरा दुमडून ठेवावा. पहिला नंबर शेवटच्या बाकावर गेला तर आश्चर्य वाटू देऊ नये.