लिहिणाऱ्याची जागा

कल्याणचे नाव निघाले की आपल्याला चालुक्यांचा दरबार आठवतो. सहावा विक्रमादित्य, त्याच्या पदरी 'मिताक्षरा' लिहिणारे विज्ञानेश्वर, काश्मीरहून आलेला बिल्हण, पुढे तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास'. ही मंडळी नेमकी कुठे बसून लिहीत, ती खोली आज कोणी दाखवत नाही. लोक दाखवतात त्या लहानशा गुहा.

अक्क नागम्मांची गुहा, नुलिय चंदय्यांची गुहा, अशी त्यांची नावे. बाराव्या शतकातले हे शरण तिथेच राहत, याला आधार परंपरेचा. पण परंपरेने निवडलेली जागा त्या माणसांना शोभणारी आहे. चंदय्या दोर वळणारे. पाण्याकाठचे गवत कापायचे, दोर वळून विकायचे, आलेल्या पैशात जंगमांना जेवू घालायचे आणि वचने रचायची. गवत कापताना अंगावरचे लिंग पाण्यात पडले, तरी त्यांनी हातातले काम सोडले नाही, अशी कथा आहे. कायक आधी! अशा माणसाला खोली कशी लागणार? माल हाताशी, म्हणून पाणी जवळ. आणि उन्हाळ्यात गारवा, तो जमिनीच्या पोटात मिळतो. मे महिन्यात सिमेंटच्या स्लॅबखाली दुपारचे रुग्ण तपासणाऱ्या माझ्यासारख्याला हे वेगळे सांगायला नको.

याच्या दोनशे वर्षे आधी मळखेडला अपभ्रंशाचा महाकवी पुष्पदंत आला, तो राजधानीबाहेरच्या बागेतच उतरला. नगरात का येत नाही, असे विचारल्यावर राजांच्या वाकड्या भुवया पाहण्यापेक्षा डोंगरातली गुहा बरी, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. मग तिसऱ्या कृष्णाचा मंत्री भरत याने त्याला घरी नेले, आणि ९६५ साली 'महापुराण' पुरे झाले. म्हणजे नुसत्या बागेवर भागले नाही, भाकरीची सोयही लागली. निसर्गाचे गोडवे गाणारे हे सोयीस्कर विसरतात. डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३७ ते १९४१ या काळात हा ग्रंथ संपादून दिला, हे आपल्या मराठी माणसाचे काम.

समर्थांची शिवथरघळही अशीच, धबधब्याआड.

बसवकल्याणला नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी जानेवारी २०२१ मध्ये झाली. आराखड्यात ७७० शरणांच्या स्मरणार्थ ७७० खांब आहेत. सभेला मोठी वास्तू लागते, त्याबद्दल तक्रार नाही. लिहिणाऱ्याला मात्र एक खोली पुरते, आणि ती आपल्यापैकी काहींच्या घरी अजून उभी आहे: परसातली, लिंबाच्या सावलीतली, जाड भिंतींची, माळवदाची. मुले पुण्याला, हैदराबादला गेली, म्हणून ती पाडून पत्रे टाकण्याचा बेत असेल, तर एक पावसाळा थांबा. मृगाआधी माळवदावर पांढरी माती टाकून घ्या. उत्तरेला खिडकी नसेल तर एक पाडून घ्या. टेबलाचे नंतर पाहता येईल.