बालाघाटच्या स्वयंपाकघरातील साठवणीचे जिन्नस

वसई आणि साष्टी बेटावरील ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात बाटली मसाला कुटला जातो व गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरला जातो, हे आमच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. समुद्रापासून दूर, बालाघाटच्या डोंगररांगांवर वसलेल्या बीड जिल्ह्यातही त्याच दिवसांत अशीच लगबग असते. मात्र किनाऱ्यावरील गृहिणीला चार महिन्यांच्या संततधारेची काळजी असते, तर बीडच्या गृहिणीला पाऊस न पडण्याची. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांना पावसाने अनेकदा दगा दिला आहे. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीने सोसला, तर २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ आजच्या तरुणांनीही पाहिले आहेत. ताजी भाजी मिळणार नाही असे महिने गृहीत धरूनच येथील फडताळ भरले जाते.

फडताळाचा पाया अर्थातच धान्य. रब्बीची ज्वारी, आणि हलक्या जमिनीच्या भागात बाजरी. पूर्वी ज्वारी जमिनीखालील पेवात किंवा शेणाने लिंपलेल्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवीत. पेव उघडल्यावर आत कोंडलेली विषारी हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नसे. आता पत्र्याच्या कोठ्या आल्या. निंबाचा पाला मात्र अजून टिकून आहे.

या घरांची खरी ओळख म्हणजे काळा मसाला. धणे, सुके खोबरे, तीळ, लाल मिरची, हळकुंड, जिरे, शहाजिरे, लवंग, दालचिनी, मिरी, मसाला वेलची, नागकेशर, तमालपत्र, बडीशेप, खसखस, हिंग आणि दगडफूल हे त्याचे मुख्य घटक. प्रमाण घरोघरी बदलते. सर्वसाधारणपणे एक किलो धण्यांस पाव किलो खोबरे, पाव किलो तीळ व सुमारे ५० ग्रॅम दगडफूल घेतात; लवंग, दालचिनी, मिरी यांचे प्रमाण त्याहून कमी. प्रत्येक जिन्नस थोड्या तेलात, मंद आचेवर, वेगवेगळा भाजावा लागतो. एकत्र भाजल्यास खसखस करपते आणि हळकुंड कच्चे राहते. खोबरे चांगले गडद होईपर्यंत भाजतात. मसाल्याचा काळा रंग त्यातून व दगडफुलातून येतो. दगडफूल हे नावाप्रमाणे फूल नव्हे. खडकांवर व झाडांच्या सालींवर वाढणारी ती बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनलेली रचना आहे. तिच्यात माती व सालीचे तुकडे असतात, म्हणून निवडण्यात आळस करू नये. कांडप गिरणीतून आणलेला मसाला पूर्ण निवल्यावरच चिनी मातीच्या बरणीत दाबून भरावा आणि वर हिंगाचे खडे ठेवावेत.

आपण ज्याला परंपरागत म्हणतो, त्यात दुरून आलेले किती आहे, हेही येथे नोंदवावेसे वाटते. लवंग मूळची इंडोनेशियातील मालुकू बेटांची. मिरची अमेरिका खंडातील. ज्या पोर्तुगीजांनी १५३४ ते १७३९ या काळात वसईवर राज्य केले, त्यांच्याच व्यापारी मार्गाने ती सोळाव्या शतकात भारतात आली. भुईमूगही दक्षिण अमेरिकेचाच. खोबरे किनाऱ्यावरून येते. बीडच्या मातीतले म्हणावे असे त्या बरणीत धणे, तीळ आणि मिरच्याच काय त्या!

दुसरा महत्त्वाचा जिन्नस येसर. गहू किंवा बाजरी, हरभऱ्याची डाळ व थोडे तांदूळ खमंग भाजून, त्यांत धणे, जिरे, लवंग, मिरी, सुंठ असे पदार्थ मिसळून त्याचे पीठ दळतात. लग्नघरी येसराची आमटी ठरलेली. एरवीही घरात भाजी वा डाळ नसेल, तेव्हा फोडणीच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन चमचे येसर, थोडी चिंच आणि काळा मसाला घातला की भाकरीबरोबर चार माणसांचे कालवण होते. येसर आधी थंड पाण्यात कालवून घ्यावे, नाहीतर गुठळ्या होतात. उपवासकाळातील शुक्रवारी मांसाहार वर्ज्य असतो, तेव्हा ही आमटी फार उपयोगी पडते.

कोरड्या चटण्यांत कारळे, जवस, तीळ आणि शेंगदाणे हे चार प्रकार. कारळ्याला काही भागांत खुरासणी म्हणतात. कारळे मंद भाजून लसूण, तिखट व मीठ घालून कुटावे. थंडीत हुरड्याबरोबर ही चटणी हवीच. जवसाची चटणी मात्र एकदम फार करून ठेवू नये. जवसाचे तेल हवेने लवकर खवट होते.

तेल पूर्वी करडईचे असे. ज्वारीच्या शेताभोवती करडईच्या काटेरी ओळी पेरीत, त्यामुळे जनावरे आत शिरत नसत आणि वर्षाचे तेलही निघे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘शारदा’ व ‘परभणी कुसुम’ या करडईच्या जाती दिल्या. तरीही सोयाबीन आणि कापसाने शेते व्यापली. काट्यांमुळे करडईच्या काढणीला मजूर नाखूश असतात, हेही एक कारण. कारळे आणि जवस यांचीही तीच गत झाली. शेताच्या बांधावरून थेट घरात येणारे हे जिन्नस आता दुकानातून विकत आणावे लागतात. आमच्या मते या फडताळाचे सर्वांत मोठे नुकसान येथेच झाले आहे.

यांखेरीज मीठ लावून ठेवलेले चिंचेचे गोळे, वाळवलेला हरभऱ्याचा पाला, सांडगे, कुरडया, बाजरीच्या खारोड्या आणि शेंगोळ्यांसाठी हुलग्याचे पीठ हेही वर्षभर घरात असतेच.

या साठवणीची खरी परीक्षा ऊसतोडीच्या हंगामात होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांचा नाताळ उसाच्या फडात उगवतो आणि गावी परतण्यास मार्च-एप्रिल उजाडतो. ‘एक कोयता’ म्हणजे एक जोडपे. त्यातील स्त्रीला पहाटे अंधारात स्वयंपाक उरकून नवऱ्याबरोबर तोडीला उभे राहावे लागते. परगावच्या दुकानात केलेला प्रत्येक खर्च अखेर उचलीच्या हिशेबात जाऊन बसतो. म्हणून निघताना ज्वारी-बाजरीची पोती, डाळ, मिरचीपूड, काळा मसाला, शेंगदाण्याचे कूट आणि येसर शक्य तेवढे घरूनच बांधून नेतात. तेथे रोजचे कालवण म्हणजे पिठले किंवा भुरका. तेलात जिरे, भरपूर लसूण व तीळ तडतडू द्यावेत, भांडे चुलीवरून उतरवावे आणि मगच तिखट, कूट व मीठ घालावे. भांडे उतरवण्याआधी तिखट घातले तर ते जळते आणि कोपीत सर्वांना ठसका लागतो. असा भुरका तीन-चार दिवस टिकतो.