पेव आणि आगगाडी

वऱ्हाडातल्या जुन्या गावांत धान्याची पेवे असत. जमिनीत खोल खड्डा खणायचा, आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड दगडमातीने बंद करायचे. पेव उघडले की लगेच कुणी आत उतरत नसे. कोंडलेली हवा जीव घेई. पावसाळा हुकला, तर याच ज्वारीवर घर तगे. आजच्या कंपन्या ज्याला आपत्कालीन साठा म्हणतात, तो हाच.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. लँकेशायरच्या गिरणीमालकांना तेव्हा एकच घोर होता. त्यांचा बहुतेक कापूस एकट्या अमेरिकेतून येई. दुसरी सोय हवी म्हणून १८५७ साली मँचेस्टरला कापूस पुरवठ्यासाठी एक संस्थाच निघाली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, बंदरे अडली, गिरण्या थंडावल्या आणि अमरावती-अकोल्याच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. १८६७ पर्यंत आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची रेल्वे सुरू करायला स्वतः आला. गिरणीमालकांनी आपली तजवीज चोख केली होती.

शेतकऱ्याची तजवीज मात्र मोडत गेली. ज्वारीच्या रानात कापूस आला. सारा रोख भरायचा, सावकाराचे देणेही रोखच. मग धान्य पेवात कशाला ठेवायचे? लागले तर बाजारात मिळेलच, आगगाडी आहे!

१८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्यामागोमाग १८९९-१९०० चा. विक्रम संवत १९५६ म्हणून लोक त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात. आगगाडी धावत होती, पण पिके बुडाली, मजुरी थांबली आणि धान्याचे भाव चढले. खिशात पैसा नसलेल्याला स्टेशनावरच्या पोत्यांचा काय उपयोग? लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडच्या कापूस आणि दुष्काळावर ग्रंथ लिहिला आहे. दुष्काळातही इथून कापसाच्या गाठी आणि धान्य बाहेर जात होते, हे इतिहासकारांनी नोंदवले आहे.

आज पूर, अवर्षण, वादळ यांचा अंदाज घेऊन कंपन्या योजना आखतात. माल दुसरीकडून कुठून आणायचा, हे त्यात असते. ते हवेच. पण माल पिकवणाऱ्याच्या घरात किती दिवसांचे धान्य आहे, हा प्रश्न त्या कागदांवर क्वचितच दिसतो. साखळीची पहिली कडी तीच आहे. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ असे आपण अभिमानाने म्हणतो. छप्पन साली ती कुणाच्या पायावर पडली, तेही लक्षात ठेवावे.